पुट्टीचे पोपडे आणि रविवारचा अबोला

तुम्ही विचारलंय ते पुट्टीबद्दल. बेडरूमची एक भिंत, तिच्या पलीकडे बाथरूम. जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत दोनदा पुट्टी लावली आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पोपडे सुटले, तर आता कोणती पुट्टी टिकेल? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारख्या दोन ओळी. साडेतीन महिने सुट्टीचे सगळे दिवस या घरात गेले, बाथरूम अर्धं फोडून पडलंय, मिस्टर म्हणतात तुला घाई, तुम्ही म्हणता ते नुसती मापं घेत बसतात, आणि हल्ली रविवारी संध्याकाळी दोघांत अबोला असतो. सगळं गुंडाळून कंत्राटदाराला द्यावं का?

मी तेवीस वर्षं जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. पुट्टीचं उत्तर एका ओळीचं आहे: त्या भिंतीवर आज कुठलीच पुट्टी टिकणार नाही. दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. पण तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘भांडणं नकोत म्हणून आम्ही खोल्या वाटून घेतल्या, बाथरूम त्यांचं, बेडरूम माझी.’ सगळी गोम तिथेच आहे. खोल्या वाटता येतात हो, मधली भिंत कशी वाटणार?

आधी भिंतीकडे बघू, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. पुट्टी म्हणजे गिलाव्यावरचा दीड-दोन मिलिमीटरचा पापुद्रा. तिचं काम पृष्ठभाग गुळगुळीत करायचं, पाणी अडवायचं नाही. भिंतीत पाणी असेल तर ते बाहेर पडायला वाट शोधतं, आणि येताना विटेतले, सिमेंटमधले क्षार सोबत घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पुट्टीच्या मागे त्यांचे स्फटिक वाढतात. ते स्फटिकच पुट्टीला आतून ढकलून पाडतात. पोपड्याची मागची बाजू बोटाने पुसून बघा, पांढरी भुकटी लागेल. म्हणजे तुमचा हात कच्चा नव्हता. तुम्ही चांगली पुट्टी चुकीच्या वेळी लावलीत, आणि वेळ चुकली कारण बाथरूमचं काम कुठवर आलंय हे बेडरूमच्या मालकिणीला ठाऊक नव्हतं.

ओल कुठून येते हे मी इथे बसून सांगू शकत नाही. घर तळमजल्यावर असेल तर ती जमिनीतूनही वर चढत असेल. अशी ओल साधारण मीटरभर उंचीच्या आतच थांबते, त्यामुळे नुसत्या गुडघ्याच्या उंचीवरून निदान होत नाही. बाहेरच्या भिंतींनाही खालून तसाच पट्टा दिसतो का ते बघा. वरच्या मजल्यावर असाल तर संशय थेट बाथरूमवर. तिथेही तीन शक्यता: भिंतीत गाडलेला पाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅपचा (जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, किंवा टाइलच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी. पाइप गळत असेल तर बाथरूम वापरा की न वापरा, ओल तशीच राहते. ट्रॅप किंवा सांधे असतील तर वापर बंद केल्यावर काही दिवसांत डाग फिका पडू लागतो. पाइपची खात्री करायची तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी बघा. पाणी टाकीवरून येत असेल तर मीटर काही सांगणार नाही. मग टाकीत येणारं पाणी बंद करून रात्रभरात पातळी किती उतरते ते मोजा.

आणखी एक सोपी परीक्षा. पोपडे खरवडून गिलावा उघडा करा, त्यावर हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा आहे, मग इलाज खिडकी उघडण्याचा. ही परीक्षा दोघांनी एकत्र करा. प्लास्टिक दोघांनी लावा, दोघांनी काढा. मुद्दाम सांगते, कारण ‘तुझ्या बाथरूममुळे माझी भिंत गेली’ आणि ‘तू वाळायच्या आत पुट्टी फासलीस’ हे दोन्ही आरोप अर्धे अर्धे खरे असतात, आणि समोर थेंब दिसले की बोलणं थेंबांवर येतं.

गळती सापडून थांबली, तरी लगेच पुट्टी नाही. गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा सुटलाय, तो काढा, विटेपर्यंत जा, टाचे मारून, म्हणजे विटेवर खाचा पाडून, नवीन गिलावा करा. त्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि मग वाळू द्यायचं. वाळण्याचा जुना ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या दर इंच जाडीला एक महिना. नऊ इंची भिंत पूर्ण वाळायला नऊ महिने थांबा असं मी म्हणत नाही, पण तीन आठवड्यांत भिंत वाळली या समजुतीला तेवढा धक्का पुरे. प्लास्टिकची परीक्षा परत करा, कोरडी निघाली तर प्रायमर, मग पुट्टी. तोवर भिंत उघडी, कुरूप राहील. तिच्यासमोर कपाट सरकवून ती झाकू नका, वारा लागू द्या.

आता तुमच्या दोघांकडे येते. जोडपी एकत्र काम काढतात तेव्हा बहुतेक जण तुमच्यासारखंच करतात, खोल्या वाटतात. तुझी-माझी हद्द ठरली की भांडण टळेल असं वाटतं. पण घराचं काम खोलीच्या हिशेबाने चालत नाही, ते क्रमाने चालतं. फोडतोड आधी, मग पाइप आणि वायरिंगसाठी भिंतीतल्या झिऱ्या, मग गिलावा, मग वॉटरप्रूफिंग, टाइल, मग रंग, आणि शेवटी दारं-कपाटं. ओलं काम कोरड्याच्या आधी, वरचं खालच्या आधी. खोल्या वाटल्या की दोन क्रम शेजारी शेजारी पळतात आणि एकाची धूळ दुसऱ्याच्या ओल्या रंगावर बसते. मी सांगेन की खोल्या परत एक करा आणि कामं वाटा. प्रत्येक कामाला एकच मुकादम. दुसरा त्या कामापुरता हाताखालचा माणूस. पुढच्या कामाला अदलाबदल.

एकच का, तर सिमेंट कुणासाठी थांबत नाही. पाणी घातलेला माल साधारण अर्ध्या तासात वापरून संपवायला हवा, आणि भिंतीवर ओढलेला टाइलचा ॲडहेसिव्ह वीसेक मिनिटांत वरून साय धरतो. त्यावर टाइल दाबली तर चिकटल्यासारखी वाटते आणि वर्षभरात वाजायला लागते. आणि तुमची भांडणं नेमकी कधी होत असतील, हे मी न बघता सांगते: माल कालवून झाल्यावर. ‘इथून सुरुवात करू या का?’ ‘नको, कापलेली टाइल दाराजवळ येईल.’ ‘मग आधी का नाही बोललास?’ तोवर घमेल्यातला माल घट्ट झालेला, कुणीतरी त्यात परत पाणी घालतं, म्हणजे तो मालही गेला. आमच्या कामावर नियम आहे, चर्चा कोरड्यात. टाइल कोरड्या मांडून बघा, मधल्या फटी सारख्या ठेवणारे स्पेसर ठेवा, कापलेले तुकडे कुठल्या कोपऱ्यात जातील ते ठरवा, पेन्सिलने रेघ मारा, हवं तर अर्धा दिवस भांडा. पाणी घातलं की मुकादम सांगेल तसं. चूक दिसली तरी? चूक महागात पडणारी असेल तर ‘थांब’ एवढंच म्हणा. आवडीनिवडीची असेल तर गप्प बसा.

मुकादम कोण, हा नाजूक प्रश्न. तुम्हाला वाटेल, ज्याला जास्त येतं तो. मलाही तसंच वाटायचं. आम्ही आमचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा माझ्या पाठीशी नऊ वर्षांचा अनुभव होता, नवरा हिशेबनीस, हातात कधी हातोडी धरलेली नाही. साहजिकच सगळ्याची मुकादम मी. दोन महिन्यांनी त्याने घरी न थांबण्याची कारणं शोधायला सुरुवात केली. मग दारं रंगवायचं काम त्याच्याकडे दिलं. त्याने पुस्तक वाचावं तशी ती दारं घासली, आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 320, तीन दारांना अकरा दिवस. आणि एवढं करून एका दारावर रंगाचे ओघळ आले, कारण ब्रश फार भरून घेत होता. तो बाहेर गेला असताना मी ते दार गुपचूप घासून परत रंगवलं. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं. भांडला नाही, फक्त पुढचा आठवडाभर घरातल्या एकाही कामाला त्याने हात लावला नाही. माझं दार चांगलं झालं होतं, पण एक कामगार मी घालवला होता.

तेव्हापासून मी जोडप्यांना हे सांगते: दुसऱ्याने संपवलेलं काम त्याच्या पाठीमागे सुधारू नका. पाणी गळत असेल, झटका बसत असेल, कुणाला लागणार असेल तर समोर बोलवून दाखवा आणि त्यालाच करू द्या. बाकी ओघळ राहू देत. तुम्ही लिहिलंय की त्यांनी लावलेल्या दोन टाइल तुम्ही काढून परत लावल्या. त्या टाइल वाकड्या असतीलही. तरी त्या रविवारचा अबोला त्या दोन टाइलचाच असावा, असा माझा अंदाज.

घाई आणि मापं यांच्याबद्दल. तुम्ही दोघं एकमेकांना जे म्हणता ते दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या कामांना लागू आहे. बाथरूमची जमीन घ्या. तिला ट्रॅपकडे मीटरला 10 ते 12 मिलिमीटर ढाळ लागतो. कमी पडला तर पाणी साचतं, जास्त झाला तर पाय घसरतो आणि बादलीही नीट बसत नाही. तिथे पाणसळ लावून चार वेळा मोजणारा माणूस हवाच. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान सहा इंच वर चढवायचा, अंगावर पाणी घेतो त्या भागात त्याहून बराच वर. कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या भोवती जाळी दाबायची, थराचे दोन हात द्यायचे, पहिल्यावर आडवा दुसरा. मग ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचं, किमान चोवीस तास, माझं म्हणणं अठ्ठेचाळीस. पातळीची खूण पेन्सिलने करा. हे पाणी भरून ठेवण्याचे दोन दिवस लोकांना जिवावर येतात, टाइल लावून मोकळं व्हावंसं वाटतं. इथे तुमच्या मिस्टरांना मुकादम करा आणि त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

उलट बेडरूमची भिंत. तिला किती सरळ करणार? आधी ठरवा की ती कुठून बघितली जाणार. कपाटामागची भिंत कुणी बघत नाही. खिडकीशेजारच्या भिंतीवर तिरपा उजेड पडतो, तिथे प्रत्येक उंचवटा दिसतो, तिथे जीव ओता. बाकी भिंतींना दोन पावलांवरून बरी दिसली की बस. रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून खड्डे शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचं घर कधी संपत नाही. रंग-पुट्टीच्या कामाला तुमच्यासारखी भराभर हात चालवणारी मुकादम चांगली. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी एकच वाक्य दोघांनी मिळून ठरवा, हे झालं असं आपण कधी म्हणणार? ‘पाणी अठ्ठेचाळीस तासांत खुणेच्या खाली गेलं नाही, तर झालं.’ ‘दिवसाच्या उजेडात दारातून बघितल्यावर डाग दिसला नाही, तर झालं.’ नुसतं ‘नीट’ म्हणू नका. नीट या शब्दाचा अर्थ घरागणिक सोडा, माणसागणिक वेगळा असतो.

आता सुरक्षिततेचं, थोडंच, पण दोघं काम करतात तेव्हाचे धोके वेगळे असतात म्हणून. विजेच्या कामात एकटा माणूस स्वतः एमसीबी (वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) पाडतो आणि स्वतःच चालू करतो. दोघं असले की एक जण स्विचबोर्ड उघडून बसलेला असतो आणि दुसऱ्याला ड्रिल चालवायचं असतं, तो जाऊन एमसीबी वर करतो. पाडलेल्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि नियम करा की ज्याने लावली त्यानेच काढायची. तरीही तारेला हात लावण्याआधी टेस्टर, आणि तो टेस्टर आधी चालू प्लगवर तपासलेला. घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे झटका बसू लागताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

टाइल आणि वीट कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाणी सोडून कापा, एन-95 मास्क लावा, तोंडाला बांधलेला रुमाल त्या धुळीला काहीच करत नाही. आणि मास्क कापणाऱ्याने लावून पुरत नाही, टाइल धरणाऱ्यालाही हवा. घर जुनं असेल तर खालच्या थरातल्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसांत तिथे राहू देऊ नका. भिंत पाडायचा विचार असेल तर ती भार घेणारी आहे की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. मी नाही, शेजाऱ्याने नाही, आणि ठोकून आवाज ऐकूनही कळत नाही.

कटरच्या आवाजाचं एक गंमतशीर आहे. मशीन चालू असताना दुसऱ्याला ओरडूनच सांगावं लागतं. कानात दडे बसलेल्या माणसाला ते ओरडणं रागाचं वाटतं, तो रागाने उत्तर देतो, आणि मशीन बंद झाल्यावर दोघांनाही कळत नाही की भांडण नक्की कशावरून. आमच्याकडे हाताच्या खुणा आहेत. उघडा पंजा म्हणजे थांब, मूठ म्हणजे धरून ठेव. करून बघा, फार फरक पडतो.

रविवारच्या संध्याकाळीही मुळात थकव्याच्या असतात. दोन दिवस उकिडवं बसून काम केलेलं, सोमवारची कामं डोक्यावर, आणि घर शुक्रवारपेक्षा जास्त विस्कटलेलं. माझ्या कामगारांचा दिवस संपण्याच्या तासभर आधी मी नवीन काहीही सुरू करू देत नाही. तुम्ही रविवारी दुपारी तीननंतर फोडतोड करू नका, माल कालवू नका. थाप्या धुवा, मलबा गोण्यांत भरा, जमीन झाडा. आणि झाडू कोण मारतो याकडे जरा बघा. मी बघितलेल्या बहुतेक घरांत एक जण ‘काम’ करतो आणि दुसरं माणूस त्याच्या मागे आवरत फिरतं, आणि त्या आवरण्याला कुणी काम म्हणत नाही. आमच्याकडे त्या दिवसाचा मुकादमच झाडू मारतो. यामुळे एक फायदा असा होतो की मुकादम पसारा बेताने करतो.

झोपायची एक खोली मात्र कामातून पूर्ण बाहेर ठेवा. तिथे ड्रिल नाही, गोणी नाही, टाइलचे नमुनेही नाहीत. तुमच्या बाबतीत बेडरूमच उघडी आहे, तेव्हा भिंत वाळेपर्यंत दुसऱ्या खोलीत गादी टाका.

राहिला प्रश्न कंत्राटदाराचा. हे एका गोष्टीवर ठरतं जी तुम्ही लिहिलेली नाही: घरात दुसरं बाथरूम आहे का? नसेल तर विचार करू नका, ट्रॅप, पाइप आणि वॉटरप्रूफिंग एवढं काम जाणकार प्लंबर आणि गवंड्याला द्या. रोजच्या अंघोळीची जागा सुट्टीसुट्टीने दुरुस्त होत नाही, आणि त्या ताणात कुणीही भांडेल. दुसरं असेल, तरी ट्रॅपचा सांधा आणि भिंतीतला पाइप बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावा असं माझं मत, कारण तिथली चूक टाइलखाली गाडली जाते आणि खालच्या मजल्याच्या छतातून उगवते. त्याने केलेल्या कामावर पाणी भरून ठेवण्याची परीक्षा मात्र तुमचे मिस्टर घेतील, कुणी कितीही ‘गरज नाही’ म्हणालं तरी. टाइल, भिंत, रंग हे तुमचं दोघांचं राहू द्या. रंगाचं काम अर्धं टाकून महिनाभर सुट्टी घेता येते, उघड्या पाइपचं घेता येत नाही, असाही हिशेब ठेवा.

म्हणजे क्रम असा लागेल. या शनिवारी पोपडे खरवडून प्लास्टिक लावायचं आणि रात्रभराची पाण्याची परीक्षा, बाकी काही नाही. मग गळतीचा बंदोबस्त आणि वॉटरप्रूफिंग, मुकादम ते. भिंत वाळत असताना बाथरूमच्या टाइल, तिथेही ते, तुम्ही टाइल कापून हातात द्यायच्या. तुम्हाला ते कंटाळवाणं होणार. भिंत कोरडी निघाली की प्रायमरपासून पुढे तुम्ही मुकादम आणि ते पॉलिश पेपर धरून उभे. त्यांना परत परत मापं घ्यावीशी वाटतील. घेऊ द्या, फक्त ब्रश तुमच्या हातात ठेवा.

सोमवारी प्लास्टिक काढल्यावर थेंब कोणत्या बाजूला आले ते कळवा, मजला कितवा तेही. तोवर पुट्टीची नवीन गोणी आणली असेल तर ती फोडू नका, कोरड्या जागी फळीवर ठेवा, त्या भिंतीला टेकवून नाही.